वाऱ्याचा डोळा

आमचे सासरे इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. शब्दांची कुळं शोधायची त्यांना भारी खोड. जेवताना कुणी चुकून 'सॉल्ट' म्हणालं, की आधी त्या शब्दाचं मूळगाव ऐकायचं आणि मग मीठ मिळायचं, तोवर भाजी गार. पाहुणे तर त्यांनी घसा खाकरला की चपला शोधायला लागत.

हल्ली सासूबाई मात्र रोज चहा देताना एकच गोष्ट विचारत, "अहो, तो 'विंडो' शब्द आला कुठून?"

सासरे लगेच ताठ बसत. "पूर्वी थंड मुलखात खिडकीला काच कुठली? भिंतीला नुसतं भोक! वारा तिथून आत डोकावायचा, म्हणून लोक त्याला वाऱ्याचा डोळा म्हणायचे. त्याचाच झाला विंडो."

"अगंबाई! हे माहीतच नव्हतं," सासूबाई म्हणत.

मग सासरे माझ्या कानाशी येत. "जावईबापू, हिच्या डोक्यात आताशा काही राहत नाही हो. पण मी चिडत नाही. रोज नव्यानं सांगतो."

शेवटी मीच स्वयंपाकघरात गेलो. "आई, डॉक्टरांना दाखवू या का तुम्हाला? निदान शब्द तरी बदला."

कप विसळता विसळता त्यांनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

 

"बदलून पाहिला हो. परवा 'डोअर' विचारला, तर दिवसभर जेवले नाहीत. हा एकच उरलाय त्यांच्यापाशी."