शुद्धीवर

पुंडलिकनगरात घर घेतल्यावर माणिकराव सरांनी आईला ताकीदच दिली होती: किनवटच्या डोंगरातली आपली कोलामी इथं बोलायची नाही, लोक लगेच जात काढतात. आईनं ती वीस वर्षं पाळली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि म्हातारी गुंगीतून थेट कोलामीतच बाहेर आली. "आजी, नाव काय? गाव कोणतं? मुलं किती?" डॉक्टरांनी विचारलं. तिनं तिन्ही उत्तरं ठणकावून दिली. डॉक्टरांनी कागदावर तीन फुल्या मारल्या. "असंबद्ध बडबड. मेंदूच्या वॉर्डात हलवू." भेटायला आलेली शेजारीण हळहळली, "लई भ्रमिष्ट झाल्या हो!" सर आईची चादर नीट करत राहिले. डॉक्टरांनी त्यांच्याकडं बोट केलं. "आजी, हे कोण?" आईनं सरांना नीट न्याहाळलं आणि कोलामीत सांगितलं, "असेल कुणी साहेब. त्याला आपली भाषा येत नाही." सरांनी घसा खाकरला. "डॉक्टर, पहिली तीन उत्तरं बरोबर आहेत."