नऊ सेकंदांची सावली

नेपच्यूनपलीकडचा एक बर्फाळ गोळा एका ताऱ्यासमोरून जाणार होता. त्याची सावली पृथ्वीवर नेमकी कुठे पडेल, याचं गणित विद्यापीठातल्या एका संशोधक विद्यार्थिनीने सहा महिने खपून मांडलं आणि तिच्या विभागप्रमुखांनी ते स्वतःच्या एकट्याच्या नावावर छापलं.

सावली पडायची होती त्या रात्री, छापलेल्या गणितानुसार मोक्याच्या जागी त्यांनी आपली मोठी दुर्बीण लावली. "तू बस कुठेही, इथे तुझं काही काम नाही," असं तिला सांगितलं. ती चाळीस किलोमीटर लांब एका शाळेच्या गच्चीवर जाऊन बसली.

तिच्या छोट्या दुर्बिणीतला तारा नऊ सेकंद विझला. पाठोपाठ त्यांचा फोन आला.

"इथे तारा विझलाच नाही. गणितात चूक होती की काय?"

"हो सर, छापून आलं त्याच दिवशी माझ्या लक्षात आली होती."

"मग बोलली का नाहीस?"



"तुमच्या गणितात नाक खुपसणारी मी कोण, सर?"