बारा ठोकळे

किरणोत्सर्गानं काँक्रीट किती खंगतं ते कळावं, म्हणून इंजिनियरनं उमेदीच्या वयात अणुभट्टीच्या भिंतीलगत काँक्रीटचे बारा ठोकळे ठेवले होते. चाळीस वर्षांनी काढून त्यांची ताकद तपासायची होती. ते काढल्याचं कळताच निवृत्त इंजिनियर काठी टेकत साहेबाच्या केबिनमध्ये गेला.

"किती भार सोसला त्यांनी?"

"कसला भार, काका! चिमट्यानं उचलले तसा भुगाच झाला."

"अरे देवा! मग भट्टी बंद करा आधी. माझी लेक भिंतीपलीकडे पाळीवर आहे."

"तिची नोकरी पक्की समजा. भट्टीला आणखी वीस वर्षांची मंजुरी मिळाली."

"आणि ठोकळ्यांचा अहवाल?"

"तपासायला ठोकळाच उरला नाही ना! म्हणून लिहिलं, तपासणीत एकही ठोकळा कमकुवत आढळला नाही."