उजवीकडची कबर

"हीच ती विहीर," बुन्ने आजी म्हणाली आणि तिने पडद्यावर ओलं बोट टेकवलं.

"आजी, बोट पुसा की आधी!" सेरोम ओरडली. लॅपटॉपवर मासळीच्या पाण्याचा थेंब चमकत होता.

सेरोम सोलहून तिसऱ्यांदा आली होती. सीमेपलीकडच्या, उत्तरेतल्या एका खाणीचा गाळ कुठल्या ओढ्यातून नदीत उतरतो, ते उपग्रहाची चित्रं आणि सर्वांना खुल्या असलेल्या नोंदी जुळवून तिला दाखवून द्यायचं होतं. चित्रं ढिगाने होती, पण ओढ्यांची जुनी नावं कुठेच नव्हती. ती होती सोकचोच्या या किनाऱ्यावर, लढाईत तिकडून पळून आलेल्या चार म्हाताऱ्यांच्या डोक्यात.

बुन्नेने पाणचक्की दाखवली, बटाट्याचं शेत दाखवलं. मग तिचं बोट खाडीवर थांबलं.

"इथून होड्या सुटल्या. डिसेंबर होता. माझ्या नवऱ्याने, हाक्चुनने मला पहिल्या होडीत बसवलं आणि म्हणाला, आईला घेऊन मागच्या होडीने येतो. तो पाठमोरा झाला, आणि माझ्या पोटात कळ आली. उतरून खडकामागे गेले, तेवढ्यात होडी सुटली. खाडीच्या तोंडाशी उलटली. एकसुद्धा माणूस वाचलं नाही. मला शिपायांनी कसल्याशा दुसऱ्या होडीत कोंबलं."

"पोटाने वाचवलं हिला," शेजारची मल्सून आजी मासळी उलटी टांगता टांगता म्हणाली. "तेव्हापासून त्या पोटाचे लाड चाललेत."

"तू तुझी मासळी बघ."

बुन्ने तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आता ब्याण्णव. तिने पुन्हा लग्न केलं नाही. मरणाची तारीख ठाऊक नसलेल्यांना नवव्या महिन्याच्या नवमीला जेवण वाढतात. हाक्चुनच्या नावाचा भात ती तेव्हाच मांडायची. मांडताना दरवर्षी चुकल्यासारखं व्हायचं. जिवंत असला तर?

"पोरी," ती हळूच म्हणाली, "ओढे झाले ना तुझे? आता माझं एक काम कर. विहिरीच्या वरची टेकडी दाखव. त्यांच्या घरच्या कबरी तिथे असायच्या."

सेरोमने चित्र मोठं केलं. पाइन झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत, जुन्या कबरींच्या खालच्या अंगाला, दोन गोल उंचवटे शेजारी शेजारी होते.

"हे मागच्या वर्षीचं."

बुन्ने पडद्याजवळ वाकली. खालची ती जागा सासऱ्यांनी थोरल्या मुलासाठी राखली होती. थोरला म्हणजे हाक्चुन. डावीकडे नवरा, उजवीकडे बायको.

"गेला म्हणजे," ती म्हणाली.

"आणि एकटा नाही गेला," मल्सून म्हणाली. "सांगत होते ना? तीन महिन्यांत दुसरी आणली असेल."

बुन्नेने मासळीची टोपली ओढली आणि सुरी जोरात चालवू लागली. "यंदा त्याचा भात नाही मांडायचा. वाढेल त्याची ती."

सेरोम ओशाळली. काहीतरी करायचं म्हणून ती एकेक वर्ष मागे जाऊ लागली. सगळी चित्रं सप्टेंबरची, कबरींवरचं गवत कापायच्या दिवसांतली. गवत कापलेली कबर वरून ताज्या भादरलेल्या डोक्यासारखी फिकट दिसते.

"आजी, डावीकडची दोन हजार पंधरात आली. त्याआधी उजवीकडची एकटीच आहे. दरवर्षी कापलेली. पंधरानंतर कोणीच कापलेलं नाही."

"पोरंबाळं नसतील," मल्सून म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. तिच्या नवऱ्याची होडी परत आली नव्हती. मागच्या टेकडीवर त्याचं जाकीट पुरून तिने त्यावर माती चढवली होती, आणि तिथलं गवत ती अजून स्वतः कापायची. "म्हाताऱ्याने शेवटपर्यंत कापलं हो बायकोचं."

"मला कधी पाण्याची घागर उचलून दिली नाही मेल्याने," बुन्ने म्हणाली.

सेरोम आणखी मागे गेली. हेरगिरीच्या उपग्रहांची, आता सगळ्यांना खुली झालेली चित्रं. एकोणीसशे सहासष्ट. उजवीकडचा ठिपका तिथेही होता.

बुन्नेची सुरी थांबली. "तरुणपणीच गेली की गं बिचारी. बाळंतपणात असेल." मग ती म्हणाली, "पन्नास वर्षं एकटा राहिला म्हणजे. त्याला धड भात शिजवता येत नव्हता. खालून करपवायचा."

नवमीला बुन्नेने दोन वाट्या मांडल्या. डावीकडे त्याची, उजवीकडे त्या बाईची. दोन्हींत भाताची शीग, दोन्हींत चमचे खोचलेले, मध्ये आंबवलेली मासळी आणि बटाट्याच्या शेवया.

"सवतीला कोणी जेवू घालतं का?" मल्सून म्हणाली.

"तिने त्याचं केलं असेल. चार वर्षं का होईना. तिला कोण आहे आता?"

बुन्नेने वाकून नमस्कार केला. ती उठत होती तेवढ्यात सेरोम धापा टाकत आली. हातात कागदावर छापलेलं चित्र होतं, उपग्रहांच्या आधीचं, विमानातून काढलेलं. लढाईतल्या तसल्या चित्रांचा साठाही आता खुला होता.

"आजी, ती उजवीकडची कबर यातही आहे. नवीच केलेली. मातीवर अजून गवतसुद्धा नाही."

"कधीचं आहे?"

सेरोमने कागदाच्या कडेवरची तारीख दाखवली. बुन्नेने चष्मा लावला.

एप्रिल, एकोणीसशे एक्कावन्न.

ती पहिली होडी उलटून जेमतेम चार महिने झाले होते.

मल्सूनने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा मागच्या टेकडीकडे, आणि तोंडाला पदर लावावा तसा हात लावला.

बुन्ने पुन्हा खाली बसली. उजवीकडची वाटी तिने आपल्यापुढे ओढली, भातातला चमचा उपसला आणि ती जेवू लागली.