दारातलं सेज

"विळा खाली ठेवा," सिसली नवऱ्याला म्हणाली. "सेज कापलंत, तर उद्यापासून चूल तुम्ही पेटवायची."

वॅटनं मुकाट्यानं विळा ठेवला. कुंपणापलीकडून हॉज लोहार फिदीफिदी हसला. ज्या अंगणात सेज हे वासाच्या औषधी पानांचं झुडूप फोफावतं, त्या घरात बायकोचं राज्य, असं त्या इंग्लिश खेड्यात सगळेच मानत. म्हणून गावातल्या झाडून सगळ्या नवऱ्यांनी आपापलं सेज मुळासकट उपटलं होतं. एकटा वॅट तेवढा बायकोच्या ताटाखालचं मांजर ठरला होता.

ईस्टर सरला आणि गावात घशाची साथ आली. वॅटलाही घोटभर पाणी गिळवेना. सिसलीनं सेजची पानं शिरक्यात उकळली, त्यात मध घातला आणि वॅटला गुळण्या करायला लावल्या. तिसऱ्या दिवशी तो डुकराचं मांस मागू लागला, तेही सेज भरून भाजलेलं!

चौथ्या दिवशी सकाळी गावातले नवरे टोप्या हातात धरून तिच्या कुंपणाशी उभे होते. सर्वांत पुढे हॉज.

"पोरीच्या पोटात दोन दिवस अन्न नाही, बाई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"पानं हवी तेवढी न्या," सिसली म्हणाली. "पण प्रत्येकानं एक फांदीही न्यायची आणि स्वतःच्या हातानं दारात लावायची. मागच्या नाही, पुढच्या!"

उन्हाळ्यात हॉज रोज सकाळी साऱ्या गावादेखत झुडपाला पाणी घालू लागला. आणि दारात उभी राहून त्याची बायको म्हणे, "अजून थोडं घाला."