न दुखणारा डोळा

“मावशी, जीभ फिरवा जरा. फोलपट गेलंय डोळ्यात.”

पाठीवरचं पोतं टाकून व्यंकटी हमाल सरजाबाईपुढे उकिडवा बसला. लातूरच्या त्या डाळमिलमध्ये कुणाच्या डोळ्यात काही गेलं, की सरजाबाई ते जिभेच्या टोकाने अलगद काढायची आणि तळहातावर ठेवून दाखवायची. ते बघायला आजही कोंडाळं जमलं.

तिने चूळ भरली, पापणी उलटली, जीभ फिरवली. काहीच लागलं नाही. डोळा लाल नव्हता. पाणीही येत नव्हतं.

“खुपतंय का रे?”

“न्हाई. दुखत बी न्हाई. दिवा इझल्यावानी एकदम अंधार झाला बघा. ह्याच डोळ्याला.”

“दाखवा की काय निघालं,” मागून कुणीतरी म्हणालं. “का मावशीची जीभ म्हातारी झाली?”

सगळे हसले. सरजाबाईच्या पदराला तुरीची फोलपटं चिकटलेलीच होती. त्यातलं एक तळहातावर ठेवलं असतं, तर तिचा मान राहिला असता आणि व्यंकटी डोळ्याला फडकं बांधून पोत्यांवर आडवा झाला असता.

तिने रिकामा हात पुढे केला. “आत काही न्हाई. हे माझ्या जिभेचं काम न्हाई.”

डाळ न्यायला आलेला रिक्षावाला दस्तगीर गर्दीत घुसला. “ऊठ, व्यंकटी. माझ्या अम्मीचा असाच एक डोळा गेला. आम्ही चष्मा करत बसलो अन् दुसऱ्या दिवशी तिची वाचा गेली. डॉक्टर म्हनले, डोळ्याची नस बंद झाली तवाच पळायचं होतं. मेंदूचा झटका दारात उभा असतो.”

“एवढी गाडी भरतो अन् येतो.”

“गाडी कुठं पळून जात न्हाई,” म्हणत सरजाबाईने त्याचं मनगट धरलं.

गंजगोलाईच्या बाजारातल्या गर्दीतून रिक्षा काढताना दस्तगीरने हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही.

“कशाची वरात काढायलास? दुखत न्हाई म्हनलं ना,” व्यंकटी कुरकुरला.

“दुखलं असतं तर तूच पळाला असतास,” सरजाबाई म्हणाली. “बोलत राहा. शिव्या दे, पन बोलत राहा.”

त्याने दवाखान्यापर्यंत दिल्या.

“डोळ्याचं आत्ताच सांगता येणार नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “दोन्ही हात समोर उचला. तसेच धरा. मेंदूला झटका असेल, तर एक हात आपोआप खाली येतो.”

व्यंकटीने हात उचलले. सरजाबाईने शेजारी पाहिलं, तर दस्तगीरचेही हात वर होते. मग तिच्या ध्यानात आलं, तिचेही.