अटी लागू

केल्विनने मोबाइल नोरीनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपटला. ऑनलाइन कसिनोत तो नऊ हजार डॉलर जिंकला होता, आणि कसिनोने ते गिळून वर निरोप धाडला होता की अटींचा भंग झाल्यामुळे रक्कम रद्द.

"कसला भंग? कोणाच्या घरात शिरलो मी?"

नोरीनने चष्मा लावला. वकिलाच्या ऑफिसात तीस वर्षं टायपिंग केलेली बाई. बारीक अक्षरांना ती भीत नसे, म्हणून तर कुंपण ओलांडून तो तिच्याकडे आला होता. तिने त्याचं खातं पहिल्या दिवसापासून दाखव म्हटलं. त्याने उघडून मोबाइल तिच्या हातात दिला आणि स्वतः बिस्किटांचा डबा शोधू लागला.

नोरीन बोटाने मागे मागे जात राहिली, थेट दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या पानापर्यंत. तिथे ती बराच वेळ थांबली. चहा गार झाला.

"कळलं का काही?"

"कळलं," ती म्हणाली. मग तिने समजावलं. "या खेपेला तू दोनशे भरलेस, त्यांनी वर दोनशे बोनस दिला. आता या चारशेच्या चाळीसपट, म्हणजे सोळा हजारांचा खेळ होईपर्यंत एक सेंट बाहेर निघत नाही. आणि तोवर एका डावाला पाचाच्या वर लावायचे नाहीत. तू एकदा सात लावलेस. संपलं."

"याला चोरी म्हणतात."

"म्हणतात," नोरीन म्हणाली.

केल्विनच्या अंगाची लाहीलाही होत होती. या हरामखोरांच्या घशात हात घालून एकूण एक डॉलर काढीन, नाहीतर नावाचा केल्विन नाही, असं तो म्हणाला. नोरीनने शांतपणे सांगितलं की अटी मी वाचते, खेळ तू. चांगला कसिनोही मीच शोधून लिंक पाठवीन. मात्र त्याच लिंकवरून आत जायचं, दुसरीकडून नाही.

तिचा हा चांगुलपणा केल्विनला जरा जड गेला, कारण मधे डेस होता. डेस म्हणजे नोरीनचा नवरा, गावातल्या बोलिंग क्लबचा खजिनदार. छतासाठी जमवलेले बावीस हजार चारशे डॉलर दोन वर्षांपूर्वी क्लबच्या तिजोरीतून गेले. चाव्या दोघांकडे होत्या, डेसकडे आणि उपखजिनदार केल्विनकडे. पण खजिनदार डेस होता, आणि बोलणं त्याला कधीच जमलं नाही. हॉलमधल्या लाकडी फळ्यावर आजवरच्या पदाधिकाऱ्यांची नावं सोनेरी अक्षरांत होती. कमिटीने डेसच्या नावावर तपकिरी रंग फासला. त्या ठरावाला केल्विननेही हात वर केला होता. डेस खचला, आणि चार महिन्यांत जीवानिशी गेला. तेव्हापासून नोरीनने क्लबची पायरी चढली नव्हती. तो विषय निघाला की केल्विनला खोकला यायचा. तिने तो काढलाही नाही.

मग दर शुक्रवारी दुपारी बोनसची शिकवणी सुरू झाली. कुठला खेळ अटीत पुरता धरतात, कुठला दहावा हिस्साच, किती दिवसांची मुदत, सगळं ती नीट सांगायची. खोटं एक अक्षर नाही. केल्विन पाचाच्या वर एकदाही गेला नाही. तरी पैसे जातच होते.

"अटी पाळूनही हरतोय गं."

"कसिनो म्हणजे काय धर्मशाळा आहे?" ती म्हणायची आणि लॅमिंग्टन केकची बशी पुढे सरकवायची.

आधी त्याची बोट विकली गेली, मग कॅरॅव्हॅन. मग घरावर कर्ज निघालं. सूड राहिला बाजूला, आता निदान घर तरी वाचावं म्हणून तो खेळत होता. एकदा त्याने विचारलं, थांबू का? नोरीन म्हणाली, तुझी मर्जी, मात्र या शुक्रवारी बोनस दुप्पट आहे. तो पुन्हा बसला. जिंकलो की दहावा हिस्सा तुझा, असं त्याने शपथेवर सांगितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "माझं मला मिळतंय."

दीड वर्षाने, एका शुक्रवारी, तिने लिंक पाठवलीच नाही. तो तणतणत आला. भर डावात हात काय काढून घेतेस, म्हणाला. नोरीन झाडांना पाणी घालत होती. उद्या क्लबची वार्षिक सभा आहे, तिथे ये, एवढंच बोलली.

शनिवारी ती खरंच आली, कोटावर डेसचा बिल्ला लावून. अध्यक्ष बार्नीपुढे तिने चेक ठेवला. छताची पूर्ण रक्कम, बावीस हजार चारशे. अट एकच, फळ्यावरचा तपकिरी रंग खरवडायचा. सगळे हात वर गेले, त्यात पहिला केल्विनचा. मागच्या बाकावर बायका कुजबुजल्या की बिचारी नवऱ्याचं पाप धुतेय.

केल्विनला हायसं वाटलं. चला, प्रकरण कायमचं मिटलं. तो तिच्याजवळ गेला. "एवढे कुठून आणलेस?"

"तुझ्याकडून. लिंक माझ्या नावाची होती. तू हरलास की शंभरातले चाळीस कसिनो मला द्यायचा. बोनसच्या सगळ्या अटी विचारल्यास, तेवढी एक राहिली."

छप्पन्न हजार हरला होता तो. "पण मी तुझं काय..." आणि त्याला खोकला आला.

नोरीनने पाण्याचा ग्लास त्याच्या हातात दिला.

"त्या दिवशी तुझ्या खात्याचं पहिलं पान पाहिलं होतं मी. छताचे पैसे गेले तोच आठवडा, तोच आकडा. तू नेलेस केल्विन, तूच भरलेस."